उलट्या टेपवरून मुलांचं गाणं बंद करू नका : एका साउंडवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य आणि पालक-शिक्षक संघाचे पदाधिकारी,
आमच्या मुलांचं उच्च माध्यमिक विद्यालय, फोंडा तालुका.

स. न. वि. वि.

येत्या स्नेहसंमेलनासाठी अकरावी-बारावीच्या मुलांनी बसवलेला रॉक बँडचा कार्यक्रम आपण रद्द केला. ‘विद्यार्थ्यांच्या मानसिक व सांस्कृतिक हिताच्या दृष्टीने’ एवढंच कारण सूचनाफलकावर आहे. त्या बँडमध्ये माझी मुलगी बेस गिटार वाजवते. पण मी फक्त बाप म्हणून लिहीत नाही. या तालुक्यात माझा साउंडचा धंदा आहे. देवळाच्या जत्रेतलं नाटक असो, चर्चचं फेस्त असो, तियात्र असो की शिगम्याची मिरवणूक, माइक, मिक्सर आणि बॉक्स घेऊन मी तिथे असतो. ज्या व्याख्यानानंतर आपण हा निर्णय घेतला, त्याचाही साउंड माझाच होता. व्याख्यान संपल्यावर मी दोन शब्द बोलू का म्हणून विचारलं, तेव्हा वेळ नाही असं उत्तर मिळालं. नंतर कार्यालयात आलो, तर विषय संपला आहे असं सांगण्यात आलं. माझ्या लेखी तो संपलेला नाही, म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

त्या दिवशी काय घडलं ते आपल्यापैकी बरेच जण समोर बसून बघत होते. मी मिक्सरमागे होतो. विषय होता रॉक संगीतातले छुपे संदेश: गाणं उलटं वाजवलं की ते ऐकू येतात आणि मुलांच्या मनात शिरतात, असं वक्त्यांचं म्हणणं. वक्त्यांच्या लॅपटॉपची ऑडिओ लाइन मी जोडून दिली, पण प्रोजेक्टर काही केल्या लागेना. शिपाईमामा दुसरी केबल आणायला गेले. वेळ जातोय म्हणून वक्त्यांनी पहिला तुकडा पडद्याशिवायच लावला. लेड झेपेलिन या बँडचं १९७१ सालचं ‘स्टेअरवे टू हेवन’, त्यातलं एक कडवं, उलटं. बॉक्समधून नुसता ओढल्यासारखा, गिळल्यासारखा आवाज आला. लोक एकमेकांकडे बघू लागले. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, “लाइनीत काय बिघडलंय का?” मी म्हटलं, नाही, लाइन बरोबर आहे.

मग केबल आली, प्रोजेक्टर लागला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळी उमटल्या, त्यात ‘सैतान’ हा शब्द लाल रंगात. तोच तुकडा पुन्हा वाजला आणि सगळं सभागृह शहारलं. मागच्या बाकांवरची दोन-तीन मुलं तर घाबरून गेली. वक्ते म्हणाले, “आता ऐकू आलं ना?”

आलं. मलाही आलं. पण तुकडा तोच होता, लाइन तीच होती आणि आवाज कमी-जास्त करायचा फेडर मी जागचा हलवला नव्हता. दोन वेळांत फरक फक्त पडद्याचा होता. संदेश गाण्यात असता, तर तो आम्हाला पहिल्याच वेळी ऐकू यायला हवा होता.

ही माझी एकट्याची समजूत नाही. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन व्होकी आणि डॉन रीड यांनी १९८५ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना उलटी वाजवलेली वाक्यं ऐकवली. बोलणारा पुरुष आहे की बाई, हे लोकांना कळत होतं. वाक्य प्रश्न आहे की साधं विधान, बालगीत आहे की जाहिरात, धार्मिक आहे की सैतानी, हे मात्र अंदाजापलीकडे कुणालाच सांगता आलं नाही. पुढे त्यांनी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणतात ते, उलटं वाजवलं आणि त्यातूनही चमत्कारिक वाक्यं शोधून काढली. काय ऐकायचं ते आधी सांगितलं की लोकांना ऐकू यायचं, न सांगितलं की नाही. म्हणजे जे आपल्या सभागृहात केबलपायी झालं, तेच त्यांनी मुद्दाम करून पाहिलं होतं. प्रार्थनेतूनही असलं काही निघू शकतं, तर त्याला गाणं लिहिणाऱ्याने काय करावं?

धंद्याच्या अनुभवाने आणखी एक सांगतो. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हटलं आणि त्याचं ‘राम राम’ झालं, ही गोष्ट आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. तिथे अक्षरं उलटतात. टेप उलटी फिरते तेव्हा अक्षरं नाही, आवाज उलटतो. आपल्या घुमट या मातीच्या वाद्यावरची थाप घ्या. सरळ ऐकताना आधी ठोका आणि मग घुमणं विरत जातं. उलटी केली की कुठूनतरी घुमणं उगवतं, वाढत जातं आणि ठोक्याशी एकदम तुटतं. माणसाच्या बोलण्याचंही तेच होतं. प्रत्येक व्यंजनाचा तोल बिघडतो, स्वर फुगून येतात, श्वासाला शब्दाचा आकार येतो. अशा आवाजात आपला कान ओळखीचं काहीतरी चाचपत राहतो, आणि कुणी बोट दाखवलं की तेच धरून बसतो.

उलटे आवाज मुद्दाम घातलेली गाणी आहेत, हेही मी लपवणार नाही. बीटल्सनी १९६६ साली ‘रेन’ या गाण्याच्या शेवटी गायलेल्या ओळी उलट्या लावल्या. पिंक फ्लॉइडच्या १९७९च्या ‘द वॉल’ मध्ये एक तुकडा उलटा करून ऐकला तर गुप्त संदेश शोधल्याबद्दल अभिनंदन केलेलं सापडतं. त्यात सैतान कुठेच नाही, स्टुडिओत बसलेल्या माणसांनी श्रोत्यांशी केलेला खेळ आहे. लोकांना तो आवडतो, कारण रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकायला निमित्त मिळतं. १९६९ साली तर बीटल्समधला पॉल मॅकार्टनी मेला आहे आणि त्याच्या खुणा बीटल्सच्या रेकॉर्डमध्ये लपवल्या आहेत, अशी अफवा अमेरिकेतल्या एका रेडिओ स्टेशनवरून पसरली. पोरांनी रेकॉर्डी हाताने उलट्या फिरवून खरवडून टाकल्या. पॉल त्यानंतर कित्येक दशकं गात राहिला.

वक्त्यांनी अमेरिकेतल्या खटल्याचा उल्लेख केला, पण त्याचा निकाल सांगितला नाही. ही माझी मोठी तक्रार आहे, कारण पालक सगळ्यात जास्त तिथेच हादरले. १९८५ साली नेवाडा राज्यात दोन तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. एक तिथेच गेला, दुसरा गंभीर जखमी होऊन काही वर्षांनी गेला. त्यांच्या घरच्यांनी ज्युडास प्रीस्ट या बँडवर दावा लावला, की रेकॉर्डमध्ये ‘करून टाक’ अशा अर्थाचे छुपे शब्द आहेत. १९९० साली रीनो शहरात तो खटला चालला. गायक रॉब हॅलफर्डने कोर्टात स्वतःच्याच गाण्यांचे तुकडे उलटे वाजवून दाखवले, आणि त्यातून ‘आई, माझी खुर्ची मोडली’ अशा जातीची वाक्यं ऐकवली. न्यायाधीशांनी निर्णय दिला, की तो आवाज एका ट्रॅकवरचा गायकाचा श्वास आणि दुसऱ्या ट्रॅकवरची गिटार एकत्र आल्यामुळे योगायोगाने तयार झाला आहे. बँड सुटला. दोन घरांतली मुलं गेली, हे दुःख खरं होतं. म्हणूनच त्या दुःखाची अर्धी हकीगत सांगून आमच्या आयाबापांना घाबरवणं मला पटलेलं नाही. व्याख्यात्यांना हा निकाल माहीत नसेल तर त्यांनी तो विषय काढू नये, आणि माहीत असूनही गाळला असेल तर आपण त्यांना जाब विचारायला हवा होता.

छुपा संदेश म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसतो, हे प्रेक्षकांना कळत होतं. सरकारलाही कळलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. संदेश पोहोचला, कारण लोकांना तो सरळ समजला. कुणालाही समजत नाही असा संदेश मनात कसा शिरतो, हे सांगायची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर आहे.

आता मुलांनी काय वाजवायचं ठरवलं होतं ते बघू, कारण आपल्यापैकी किती जणांनी यादी वाचली याची मला शंका आहे. तीन गाणी होती. एक क्वीन या बँडचं ‘वी विल रॉक यू’. ते १९७७ साली आलं. सुरुवातीपासून त्यात ड्रम नाही. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची, एवढाच ठेका, त्यावर गाणारा माणूस आणि अगदी शेवटी गिटार. आपला आक्षेप या गाण्याला नाहीच. क्वीनच्याच दुसऱ्या एका, १९८०च्या गाण्यात उलटं ऐकल्यावर गांजाचं कौतुक आहे, असं व्याख्यात्यांनी सांगितलं, म्हणून बँडच बाद झाला. ज्या गाण्याचा कार्यक्रमाशी संबंधच नाही, त्यात उलटं काय ऐकू येतं यावरून सरळ गाणं बंद. हा न्याय नाटकाला लावला, तर एकही नाटक मंडळ उभं राहणार नाही. आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्याला अगदी परका आहे असंही नाही. फारुख बुलसारा हे त्याचं नाव. त्याचं शालेय शिक्षण पाचगणीला झालं, तिथल्याच मुलांबरोबर त्याने पहिला बँड काढला. आपल्या मुलांच्याच वयात, बोर्डिंगमधल्या मुलांनी.

दुसरं गाणं डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’, १९७२चं. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण हे गाणं आमच्या घरात तीन पिढ्यांचं आहे.

माझे वडील जत्रेतल्या नाटकांना ऑर्गन वाजवायचे, घरी हार्मोनियम. रॉक हा शब्द त्यांच्या कानांवर पडला तो माझ्या थोरल्या भावामुळे. आमच्या वाड्यावर एक तारवटी होता. बोटीवरून सुट्टीला आला की पेटीत कॅसेटी असायच्या. त्यातली एक भावाने आणली आणि टेपरेकॉर्डर दिवसभर तेच गाणं वाजवू लागला. वडील ओरडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी पेटी ओढली, भाता उघडला आणि गिटारची ती सुरुवात वाजवली. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. पुन्हा वाजवली. म्हणाले, “दोन्ही मध्यम घेतलेत रे, आणि काय घेतलेत!” मग भावाला बाजूला बसवून त्याच्याकडून ताल धरून घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. आल्यावर तरी काय कळलं असतं? स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी १९७१ साली एका कसिनोला आग लागली, तिची हकीगत आहे ती. सरोवरावर पसरलेला धूर बँडने स्वतः पाहिला होता. माझी मुलगी गिटार शिकताना पहिल्यांदा वाजवायला शिकली ती हीच सुरुवात, आणि तिला कोमल ग कुठे लागतो ते मी आजोबांच्या पेटीवर दाखवलं.

हे संगीत पिढ्यान् पिढ्या का टिकतं, असा प्रश्न व्याख्यानात आला होता. छुप्या संदेशांमुळे मन बांधलं जातं, असं उत्तर दिलं गेलं. मला रोज जे दिसतं ते सांगतो. लग्नाच्या हॉलमध्ये बँड जुनं रॉक गाणं सुरू करतो, तेव्हा साठीतले काका आणि दहा वर्षांचा नातू एकाच वेळी खुर्चीवरून उठतात. कारण ठेका साधा आहे, शरीराला लगेच कळतो. चार जणांना जमतं. गुरू, बैठक, पैसा काही नसलं तरी एक गिटार आणि एक उलटा डबा असला की तालमीला सुरुवात होते. गिटारचा फाटका, ओरखडणारा सूर भसाड्या बॉक्समधूनही पोहोचतो, हेही मी खात्रीने सांगतो. आणि सोळाव्या वर्षी मनात जे साचलेलं असतं, ते मोठ्याने बाहेर काढायला या गाण्यांत जागा आहे. प्रत्येक पिढी कधीतरी सोळा वर्षांची होते. घरातल्या मोठ्यांची जुनी कॅसेट धाकट्यांच्या हाती पडते आणि गाणं पुढे जातं. यातलं काहीच लपलेलं नाही. सगळं सरळ ऐकू येतं.

गोव्यात तर हे आणखी सहज आहे. चर्चच्या शाळांतून सोल्फेजो (पाश्चात्त्य पद्धतीने स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेले गोंयकार मुंबईच्या सिनेमासंगीतात गेले. सी. रामचंद्रांबरोबर ट्रंपेटवाला चिक चॉकलेट होता, शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा करायचा. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोकणी गाणी आजही माझ्या प्रत्येक लग्नात वाजतात. बाहेरचं वाद्य घेऊन आपलं गाणं करणं हा या भूमीचा जुना स्वभाव आहे.

आणि तिसरं गाणं हेच करत होतं. मुलांनी जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या, एका मुलाच्या आजीकडून. त्याला गिटार, बेस आणि घुमट. हो, घुमट, ज्याला आपल्या सरकारने २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेच. घुमट वाजवणारा मुलगा चवथीला घरोघर आरतीला वाजवतो. ड्रमवाल्याने आपला ठेका त्याच्या सुंवारीला, म्हणजे घुमटवादनाला, जुळवून घेतला होता. तालमीला मी माइक लावून दिले होते, म्हणून सांगतो, फार मेहनतीने बसवलं होतं त्यांनी ते. आपण एका सहीने तेही बंद केलंत. १९७७ आणि १९७२च्या इंग्रजी गाण्यांवर संशय असेल, पण आजीच्या ओवीने काय केलं? गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या फतव्यात लग्नातल्या ‘वोव्यों’नाही, म्हणजे ओव्यांनाही, मनाई होती. त्या टिकल्या, ख्रिस्ती घरांत आजही लग्नाआधीच्या रोस या विधीला म्हणतात. त्याच ओवीला २१व्या शतकात एका शाळेने सूचनाफलकावरून गप्प करावं, हे मला फार लागलं.

मुलांना जशी वागणूक मिळाली, तीही मी इथे नोंदवतो. निर्णयाआधी त्यांना एकदाही बोलावलं नाही. त्यांची गाण्यांची वही संगीताच्या खोलीतून नेली, ती परत दिलेली नाही. ओव्या त्याच वहीत उतरवून घेतल्या होत्या, दुसरी प्रत नाही. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर ‘असलं ऐकणारी मुलं कुठे जातात ते आपण पाहिलं’ असं म्हटलं गेलं. तेव्हापासून माझी मुलगी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहते. ती काही बोलत नाही, पण बेस भिंतीला टेकून उभा आहे आणि तिने त्याला हात लावलेला नाही.

अमली पदार्थांची आपली काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. किनाऱ्यावर कार्यक्रमांना साउंड घेऊन जातो, काय चालतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि माझीही मुलगी याच गोव्यात वाढते आहे. पण त्यावर गाणंच ऐकवायचं असेल, तर पणजीत जन्मलेल्या आपल्या रेमो फर्नांडिसने १९८६ साली ‘पॅक दॅट स्मॅक’ हा अल्बम काढला, नशेच्या विरोधात, रॉकमध्ये, सरळ शब्दांत. नववी-दहावीच्या मुलांना तो ऐकवा. मुलांच्या मनावर ताण आहे असं वाटत असेल, तर प्रशिक्षित समुपदेशक बोलवा. उलटी टेप ऐकून घाबरलेलं मूल आपल्याकडे येऊन मन मोकळं करणार नाही.

माझ्या मागण्या या आहेत. रद्द केल्याची सूचना मागे घ्या आणि तिन्ही गाण्यांना स्नेहसंमेलनात जागा द्या. मुलांची वही त्यांच्या हातात परत करा, आणि ती याच आठवड्यात करा. तिन्ही गाण्यांचे शब्द समितीच्या बैठकीत सरळ वाचा. एखाद्या ओळीला हरकत असेल, तर ती ओळ कोणती आणि हरकत काय, हे लेखी कळवा, मुलं ती बदलायची की नाही याचं उत्तर देतील. बैठकीला त्यांच्यापैकी दोघांना बोलवा. प्रार्थनेच्या वेळी जे म्हटलं गेलं, ते त्याच जागी, त्याच माइकवरून मागे घ्या.

आणि तरीही कुणाला शंका उरली, तर पालकसभेत तो प्रयोग पुन्हा करू. पडदा बंद ठेवायचा, उलटे तुकडे वाजवायचे, प्रत्येकाने आपल्याला काय ऐकू आलं ते कागदावर लिहायचं, मग सगळे कागद मोठ्याने वाचायचे. मुलांच्या ओवीचाही एक तुकडा उलटा करून त्यात घालू. साउंड माझा, भाडं घेणार नाही. तारीख आपण ठरवा. जत्रांचा मोसम सुरू होतोय, त्यामुळे चार दिवस आधी कळवलंत तर बरं होईल.

आपला,
एक पालक आणि साउंडवाला,
फोंडा